उंचीचं मला काही वाटत नाही

४ जानेवारी, सकाळ
विजेचा प्लांट बंद झाल्यापासून झोप नाही. इतकी वर्षं कानाशी ती घरघर असायची. आता सगळं एवढं शांत असतं की स्वतःच्या घोरण्याने मला जाग येते. ही म्हणते, मी इतकी वर्षं काय ऐकत होते ते आता कळलं ना!

आजपासून रोजनिशी. कंट्रोल रूममध्ये दर शिफ्टला लॉगबुक लिहायची सवय, हात शिवशिवतो. खाली ‘सर्व नॉर्मल’ लिहायचं आणि सही. अख्ख्या नोकरीत मला दुसरं काही लिहावं लागलं नाही. एकदा कोळशाच्या पट्ट्याला आग लागली होती, पण तोपर्यंत माझी सही झाली होती.

संकल्प: १) रोज व्यायाम. २) साडूशी वाद नाही. ३) चिडायचं नाही.

४ जानेवारी, दुपार
साडू येऊन गेला. वाद झाला. चिडलो.

झालं असं. प्लांटच्या जागी टेकडीवर पवनचक्क्या आल्या आहेत. जुन्या कामगारांतून काहींना ट्रेनिंग देऊन तिथे घेणार. वर चढून पाती, गिअर, बेअरिंग बघायची. साडूने नाव दिलं म्हणे. साडू! आयुष्यभर स्टोअरमध्ये बसून नट-बोल्ट मोजणारा माणूस. जिना चढला तरी मधल्या वळणावर बसतो. म्हणाला, तुम्ही काय करणार भाऊजी, माहिती केंद्रात एक जागा आहे, शाळेच्या पोरांना हिंडवायची. आणि हसला.

मी तिथल्या तिथे सांगितलं, मी वर चढणार. उंचीचं मला काही वाटत नाही.

हिने माझ्याकडे बघितलं. मग वर माळ्याकडे बघितलं. मग आत गेली. माळ्यावरचं सामान नेहमी हीच काढते, पंखे हीच पुसते, बल्ब हीच बदलते. तिला आवड आहे. मी स्टूल धरतो. स्टूल धरणं हेच खरं जबाबदारीचं काम आहे, पण ते कोणाच्या नजरेत भरत नाही.

७ जानेवारी
नाव दिलं. अट साधी आहे. मार्चअखेर वर चढायची परीक्षा, पास झालात तर इथेच नोकरी. नाही झालात तर हिशेब घ्या आणि तुमचे तुम्ही मोकळे. म्हणजे घर विकून मुलीकडे शहरात. मुलीचा फ्लॅट दोन खोल्यांचा. जावई भला माणूस आहे, पण सकाळी गाणी म्हणतो.

हिने एकच सांगितलं, मी या घरातून हलणार नाही. अंगणातली झाडं मी लावली आहेत, पिशवीत भरून नेता येत नाहीत. मी म्हटलं, अगं, काळजीच करू नकोस, मी शब्द देतो. तिने विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, अलबत.

सर्व नॉर्मल.

२ फेब्रुवारी
वर्ग सुरू. शिकवायला एक बाई आहेत, आमच्या मुलीच्या वयाच्या. केस बारीक कापलेले, बोलणं तोडून टाकल्यासारखं. मनात ‘सटासट बाई’ असं नाव ठेवलं आहे.

लेखी भागात मीच पुढे. वारा किती झाला की चक्की आपोआप थांबते, दाब कुठे बघायचा, सगळं तोंडपाठ. फक्त एकदा सवयीने स्क्रीनवर टिचकी मारली. प्लांटमध्ये काटा अडकला की आम्ही काचेवर टिचकी मारायचो, काटा हलायचा. इथे टिचकी मारली तर भाषाच बदलली. परत आपली भाषा आणायला सटासट बाईंना बराच वेळ लागला. साडू खिंकाळला.

विचारलं त्यांनी, पूर्वी उंचावर काम केलंय का. मी म्हटलं, आमच्याकडे दर शिफ्टला बॉयलरच्या माथ्यावर जाऊन यावं लागायचं. वरची फेरी. हे खरंच आहे. या फेरीसाठी आमच्यात चढाओढ असायची, वर वारा छान लागतो म्हणे. मी मनाचा मोठेपणा दाखवून प्रत्येक वेळी दुसऱ्याला संधी दिली. हे मात्र बाईंना सांगितलं नाही, उगाच आत्मस्तुती नको.

११ फेब्रुवारी
आवारातल्या सरावाच्या मनोऱ्यावर पहिला दिवस. कमरेला, मांड्यांना, खांद्यांना पट्टे बांधतात. माझा पट्टा चुकीच्या मापाचा होता. सांगितलं. बाईंनी तपासला, म्हणाल्या बरोबर आहे. मी म्हटलं, असेल, पण मला जाणवतोय. मग बूट. मग ऊन डोळ्यांवर येत होतं. मग जेवणाची सुट्टी झाली.

साडू अर्ध्यापर्यंत गेला. वरून मला हाक मारत होता. मी लक्ष दिलं नाही, कारण मी पट्ट्याचा अभ्यास करत होतो.

१२ फेब्रुवारी
घरी सराव. युक्ती अशी की हळूहळू सवय करायची. आज स्टूल. उद्या टेबल. परवा टेबलावर स्टूल. आठवड्यात माळा. मग पवनचक्की ती काय, एक मोठा माळाच.

स्टुलावर चढलो. उभा राहिलो. खाली बघितलं तर फरशीवर एक तडा दिसला, पूर्वी कधी दिसला नव्हता. घर खचतंय की काय या विचाराने भिंत धरली. लगेच उतरून तडा तपासला. केस होता, हिचा.

ही दारात उभी होती. किती वेळ उभी होती ठाऊक नाही. स्टूल उचलून आत नेलं, पंखा पुसायचा होता म्हणे.

२० फेब्रुवारी
गावच्या पवनचक्की मंडळाची सभा, जुन्या क्लबच्या हॉलमध्ये. टेकडीवरच्या चक्क्यांपैकी दोन गावच्या मालकीच्या. घराघराने भाग घेतले आहेत. त्यांची वीज विकून येईल त्यातून सभासदांच्या बिलात सूट, आणि उरेल ते सामायिक निधीत. निधीचं काय करायचं यावर सगळे एकाच वेळी बोलत होते. दवाखान्यातली नर्स म्हणाली, आधी दवाखान्याला बॅटरी द्या, वीज गेली की लसी खराब होतात. सगळे गप्प झाले आणि तेच ठरलं.

मी उठून एक गंभीर बाब मांडली. काल संध्याकाळपासून आपली एक चक्की बंद आहे. मी स्वतः अंगणातून पाहिलं. बिघाड आहे, कोणी दखल घेतलेली नाही, हा निष्काळजीपणा आहे. टाळ्या अपेक्षित होत्या. सटासट बाई म्हणाल्या, काल संध्याकाळपासून वारा बंद आहे.

हॉल हसून हसून लोटपोट. यात हसण्यासारखं काय? मशीन थांबलं की बिघाड, हे मी इतकी वर्षं मानत आलो. वाऱ्याची वाट बघत बसणारं यंत्र मला पटत नाही. शिस्त नाही.

३ मार्च
साडू वर जाऊन आला. खऱ्या चक्कीच्या माथ्यावर. सगळ्यांना फोटो पाठवला आहे. हेल्मेट, गाल फुगलेले, मागे नुसतं आभाळ. वर जाऊन डबा खाल्ला म्हणे. मेव्हणीने हिला तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा ही म्हणाली, छान, छान, आमचेही जातीलच.

आमचेही जातीलच. बरं वाटलं ऐकून. मग पोळी ताटात तशीच राहिली. अपचन असावं.

९ मार्च
आनंदाची बातमी! चक्कीच्या आत लिफ्ट असते! कोणी आधी सांगायचं नाही का? उगाच शिडीचं भूत उभं केलं. परीक्षेत शिडी फक्त पहिल्या फळीपर्यंत, म्हणजे आतल्या पहिल्या टप्प्यापर्यंत, चढून दाखवायची, पुढे लिफ्टने वर. अरे, मग हा तर पोरखेळ झाला. हिला सांगितलं. ती एवढी खूश झाली की लगेच मुलीला फोन लावून म्हणाली, हॉलमधला सोफा हलवू नकोस, आम्ही येत नाही.

सर्व नॉर्मल. अगदी मनापासून नॉर्मल.

१० मार्च
लिफ्ट बघितली. लिफ्ट म्हणजे काय, पिंजरा. खाली फरशी नाही. जाळी आहे. जाळीतून स्वतःचे बूट आणि बुटांखालून सगळं काही दिसतं. कोणत्या शहाण्याने हे केलं? माणसाला कळू तरी देऊ नये ना तो कुठे आहे! लेखी सूचना दिली की जाळीवर पायपुसणं टाकावं. बाईंनी सूचना घेतली. वाचली. माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच तोडून बोलल्या नाहीत. म्हणाल्या, काका, घाबरणं वाईट नसतं, पण मला आधी कळलेलं बरं.

मी म्हटलं, घाबरणं कसलं, पायपुसण्याचा मुद्दा स्वच्छतेचा आहे.

२२ मार्च
ही सकाळी कपडे वाळत घालत होती. आमच्या कॉलनीत बायका आधी दोरी फडक्याने पुसतात, मग कपडा टाकतात. पुसली नाही तर कोळशाची काळी रेघ उठते, धुतलेली चादर परत बादलीत. हिने आजही पुसली. फडकं मला दाखवलं. पांढरं. पुन्हा पुसली, पुन्हा पांढरं. हसत सुटली. इतकी वर्षं मी या दोरीला पुसतेय, म्हणाली, आणि आता पुसायला काही नाही तरी हात ऐकत नाही.

दवाखान्यात बॅटरी बसवली. या महिन्यापासून बिलातही सूट आली आहे. हिने ते बिल टीव्हीवर टेकवून ठेवलं आहे, कोणी आलं की दिसावं म्हणून. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, तुम्ही आलात तर आम्हाला आनंदच आहे, सोफा बेडसारखा उघडतो. ही फोन ठेवून बराच वेळ झाडांना पाणी घालत बसली. पाणी सकाळीच घातलं होतं.

मी पास होणार. झालंच पाहिजे.

२८ मार्च, संध्याकाळ
उद्या परीक्षा. तयारी पूर्ण. बूट पुसले. लवकर जेवलो. योजना: वर बघायचं नाही, खाली बघायचं नाही, समोर बघायचं. समोर पत्रा असतो. पत्र्याचं मला काही वाटत नाही.

हिने बॅगेत लिंबू ठेवलं आहे. विचारलं कशाला. म्हणाली, असू दे.

२९ मार्च, सकाळी अकरा
वारा होता.

२९ मार्च, दुपार
वारा फारसा नव्हता असं बाकीचे म्हणतात.

पहिली फळी गाठली. ती मी गाठली, हे लिहून ठेवायला हवं. पण तिथे शिडी सोडून पिंजऱ्यात पाय टाकायचा असतो, आणि हात शिडी सोडेना. मी हाताला सांगत होतो. माझा हात, पण ऐकेना. सटासट बाई माझ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या, पाठीवर हात ठेवला, एकेक बोट सोडवलं. मग आम्ही खाली आलो. खाली आल्यावर लिंबू सापडलं.

घरी आलो तेव्हा ही दारातच होती. तोंड बघून कळलं तिला. मी म्हटलं, पट्टा. ती म्हणाली, हो, पट्ट्याचं तुम्ही म्हणतच होतात. पाणी दिलं. मग आत जाऊन रडली. आवाज होऊ नये म्हणून नळ सोडला होता. मला नळाचा आवाज ओळखता येतो आणि त्याच्या मागचाही.

फार वाईट वाटतंय. शब्द दिला होता मी तिला.

३० मार्च
साडू आला. म्हटलं, आला मीठ चोळायला. तर बसला, बराच वेळ गुडघे चोळत राहिला, आणि म्हणाला, भाऊजी, ही चढायची परीक्षा तुम्ही द्यायलाच नको होती. मी म्हटलं, पट्टा. तो म्हणाला, पट्टा सोडा हो. तुमची वरची फेरी कोण करायचं? मी म्हटलं, ज्याला आवड होती तो. तो म्हणाला, चिठ्ठ्या टाकायचो आम्ही! कंट्रोल रूममधले, स्टोअरमधले, सगळे. ज्याची चिठ्ठी निघेल तो तुमच्यासाठी वर. पहिल्याच वर्षी तुम्ही दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून बसला होतात ना, तेव्हापासून. साहेबांना कळू दिलं नाही कधी. पावसाळ्यात माझी चिठ्ठी निघाली की मी तुमच्या नावाने बोटं मोडायचो.

खोटं बोलत असेल. साडू आहे शेवटी.

पण एक आठवतं. वरून येणारा प्रत्येक जण खाली आल्यावर मला सांगायचा, वर सगळं नॉर्मल आहे. ते ऐकून मी लिहायचो. मला वाटायचं, रीत आहे. खात्री करायला आता कोणाला विचारू? ज्याला विचारावं तो म्हणेल, अहो सोडा. इतकी माणसं, इतकी वर्षं, आणि एकानेही मला तोंडावर म्हणून दाखवलं नाही. साडूला चहा पाज म्हटलं हिला, दोन वेळा पाजला.

जाताना साडू म्हणाला, माहिती केंद्राची जागा अजून रिकामी आहे. मी मंडळात शब्द टाकलाय. बोलायला लागतं तिथे. ते तुम्हाला येतं.

८ एप्रिल
मंडळाने मला जनसंपर्क प्रमुख नेमलं. पत्रात ‘माहिती केंद्र मदतनीस’ असं छापलं आहे, टायपिंगची चूक. आमचं घर राहिलं! ही अंगणात जाऊन झाडांना हे सांगून आली, मी खिडकीतून ऐकलं. मग मला म्हणाली, मला कुठे पवनचक्कीवर चढणारा नवरा हवा होता, मला इथे राहणारा हवा होता. मी म्हटलं, ते आधी सांगायचं. ती म्हणाली, तुम्ही विचारलंत कधी?

केंद्राच्या चहाचं कंत्राट बायकांच्या गटाला मिळालं आहे. त्यात ही आणि मेव्हणी. म्हणजे दिवसभर नजर.

काम तळमजल्यावर. भिंती भक्कम.

१९ एप्रिल
काम झकास जमतंय. घराने भाग कसा घ्यायचा, छतावर सौर पत्रे बसवले तर जास्तीची वीज मंडळाला कशी देता येते, चक्की थांबली तर तो बिघाड नसून वारा नाही, हे मी समजावून सांगतो. शेवटच्या मुद्द्यावर लोक हुज्जत घालतात. काय अडाणी असतात लोक!

आज एका आजोबांनी विचारलं, वरून कसं दिसतं. न सांगणं बरं दिसलं नसतं. म्हटलं, नकाशासारखं. लोकांना आवडलं.

११ मे
वरचं वर्णन आता चांगलं बसलं आहे. वर गेलं की आधी गारवा, मग नदीची रेघ, मग जुन्या प्लांटची चिमणी, पेन्सिलीएवढी. पेन्सिलीला लोक हमखास मान हलवतात. थोडं ढगांचंही घालतो. अनुभव सांगताना कंजुषी करू नये.

२ जून, संध्याकाळ
आज गावातल्या शाळेची सहल. वर्णन रंगात आलं होतं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. दोन वेण्या, समोरचा दात पडलेला. विचारलं, काका, वरून आमची शाळा दिसते का? मी म्हटलं, दिसते म्हणजे काय, घंटासुद्धा दिसते. ती म्हणाली, पण चहावाल्या काकू तर म्हणाल्या शाळा दिसत नाही, मध्ये टेकडी येते.

मी म्हटलं, कोण काकू? तिने बोट दाखवलं. काउंटरवर ही कपबशा विसळत होती.

तोंडातून निघून गेलं, माझ्या वेळी टेकडी नव्हती.

मुलांच्या बाईंनी रुमालात तोंड घातलं. मेव्हणी काउंटरखाली काहीतरी शोधायला बसली ती वर आलीच नाही. मुलगी मात्र समजूतदार निघाली. म्हणाली, हां, मग बरोबर. आणि वहीत लिहून घेतलं.

घरी आलो. जेवायला बसल्यावर विचारलं, तू कधी गेलीस वर. म्हणाली, एप्रिलमध्ये सभासदांना नेलं तेव्हा. तुमची कंबर दुखत होती बघा, त्या दिवशी. ताई आणि मी गेलो, तुमच्या ट्रेनिंगच्या बाईंनी नेलं. मी म्हटलं, दीड महिना झाला, मला सांगितलं नाहीस? ती म्हणाली, सांगणारच होते. म्हटलं, आधी तुम्ही जाऊन या, मग दोघं मिळून बोलू.

मी म्हटलं, सांग आता.

मग तिने सांगितलं. पातेलं म्हणजे टेकडी, पेला म्हणजे चिमणी, असं ताटाभोवती मांडून. नदी माझ्या वर्णनात आहे त्या बाजूला नाहीच. पिंजरा वर जाताना भीती वाटली म्हणे, ताईचा हात घट्ट धरला होता. वर पोचल्यावर हसू आलं आणि मग का कोण जाणे रडू आलं. जेवण गार झालं तरी ती सांगत होती.

आपलं घर दिसतं का, मी विचारलं.

दिसतं की, म्हणाली. अंगण दिसत होतं, झाडं दिसत होती, खुर्ची टाकून तुम्ही बसला होतात, एवढेसे. मी केवढा वेळ हात हलवत होते तुम्हाला. तुम्ही एकदाही वर बघितलं नाहीत.